ज्याची झडती, तो आपला

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. हे वाक्य त्यांनी वाचलं असतं, तर "हे तुमाला कुणी लिहायला लावलं?" हा प्रश्न त्यांनी मला आधी विचारला असता. एसटीत बसताना ते पाटी वाचत, मग कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि तिघांचं एकमत झालं की त्यांना जास्तच शंका येई. कुणाकडे चहाला गेले की यजमानाच्या हातातला कप आपल्याकडे घेत आणि आपला त्याच्यापुढे सरकवत. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा सगळे नवरानवरीकडे पाहत होते आणि मामा मांडवाच्या दाराशी उभे राहून चपलांकडे पाहत होते. "माझ्या डोळ्यांनी पाह्यल्याबिगर मी काही मानत न्हाई," हे त्यांचं ब्रीद होतं. मी त्यांच्या भाचीचा नवरा, हिंगोलीला शाळेत इंग्रजी शिकवणारा. त्यांना मी लग्नाच्या दिवशी पाहिलं, पण त्यांनी मला मान्य करायला बरीच वर्षं घेतली.

वारंगा फाट्याजवळ मामांचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. तिथे हजेरीपट नावाची वस्तू नव्हती. "कागद फितूर असतो, जावई. आपल्या घरी राहतो अन् दुसऱ्याच्या बाजूनं बोलतो," असं त्यांचं मत होतं. मग हजेरी कशी? तर संध्याकाळी भोंगा झाला की कामगार फाटकात रांग लावत, एकेक जण पुढे येऊन दोन्ही हात वर करी, आणि मामा स्वतः त्याची झडती घेत. मनगटापासून सुरुवात, मग बगला, मग कंबर. कुणी धोतराच्या ओच्यात मूठभर सरकी नेतो की काय, ही शंका. ज्याची झडती झाली त्याचा रोज पक्का. गाडीवाले, व्यापारी, पाहुणे यांना मात्र ते कधी बोट लावत नसत. मी एकदा गमतीनं हात वर केले तर रागावले. "परक्याची झडती घेत न्हाई मी. झडती आपल्या माणसाची असते," म्हणाले. मला ती रांग पाहवत नसे, हे खरंच सांगतो. दिवसभर राबलेल्या माणसानं चोरासारखे हात वर करायचे, यात मला तरी आपलेपणा दिसत नव्हता.

त्या रांगेत डोंगरकड्याचा लिंबाजी असे. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस लावण्यात त्याचा हात बसलेला, आणि एका हंगामात रेच्यानं तोच हात ओढून घेतला. डावा, कोपरापर्यंत. मामांनी स्वतः त्याला जीपमध्ये घालून नांदेडच्या दवाखान्यात पोचवलं, वाटेत त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पुढे लिंबाजीनं नुकसानभरपाईचा दावा लावला आणि मामांच्या मांडीवरचं ते डोकं एकदम शत्रूचं झालं. कामगार कोर्टानं भरपाई मंजूर केली. मामांनी त्यावर औरंगाबादला हायकोर्टात अपील ठोकलं. अपील करायचं तर मंजूर रक्कम आधी भरावी लागते; ती मामांनी दात ओठ खात भरली, पण निकाल लागेपर्यंत लिंबाजीला तिला हात लावता येईना. एका हातानं रेचा चालत नाही. फाट्यावर चहाची गाडी टाकावी असं त्याच्या मनात होतं, तेही त्या रकमेपाशी अडून बसलं.

मामांच्या वकिलाचा मुद्दा सरळ होता: लिंबाजी हा मामांचा कामगारच नव्हे, आणि तो कामगार असल्याचा एकही कागद नाही. मामांच्या मनातला मुद्दा मात्र वेगळाच होता.

"जावई, हात गेलाच न्हाई असं झालं तर?" एकदा ते मला हळूच म्हणाले.

"मामा, तुम्हीच तर दवाखान्यात नेलं त्याला!"

"नेलं. पर हात फडक्यात गुंडाळून होता. मी कुठं उघडून पाह्यला? आता लांब बाहीचा सदरा घालून फिरून राह्यला. बाहीत काय आहे, कुणी पाह्यलं?"

कप्पाळ!

अपिलाच्या तारखेला मामांनी मला सोबत नेलं. "वकील इंग्रजीत बोलतो. माझ्या इरुद्ध बोलला की मला चिमटा काढा," ही माझी कामगिरी. जाताना त्यांनी ड्रायव्हरवर लक्ष ठेवायला मला सांगितलं, आणि माझ्यावर ते स्वतः लक्ष ठेवून होते. औरंगाबादला पोचेपर्यंत तिघांपैकी कुणी डोळा मिटला नाही.

आमचा पुकारा व्हायला दुपार उलटणार होती. मामा कोर्टाच्या खोलीच्या दाराशी चौकटीला टेकून उभे राहिले, फाटकात उभे राहत तसेच. आतल्या बाकावर बसून कंटाळलेला लिंबाजी पाणी प्यायला बाहेर निघाला. दार अरुंद, पुढे मालक उभे. त्याची पावलं थांबली, आणि काय होतंय ते त्याला कळायच्या आत त्याचे दोन्ही हात वर गेले. मामांचेही हात पुढे झाले. उजवं मनगट चाचपलं. मग त्यांची मूठ डाव्या बाहीवर मिटली, आणि नुसतं कापड चुरगळलं. मग सवयीनं पुढे सरकलेला दुसरा हात लिंबाजीच्या कमरेपाशी जाऊन थांबला.

लिंबाजीनं हात खाली घेतले. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मालक, मी तुमचा माणूस न्हाई म्हनून लिवून देलं ना तुमी? मंग झडती काहून घेता?" तो म्हणाला. "अन् घ्याच. एक हात तुमच्या रेच्यातच ठिवून आलो. आता काय चोरून नेऊ?"

तो पाणी प्यायला निघून गेला. मामा भिंतीजवळच्या बाकावर बसले. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण बसण्याआधी बाक हलवून न पाहिलेले मामा मी पहिल्यांदा पाहत होतो.

"अपील मागं घ्या," ते वकिलाला म्हणाले.

वकील हबकला. "अहो, आपली बाजू भक्कम आहे. तो तुमचा माणूस होता याला पुरावा काय?"

"मी झडती घेतली त्याची."

"ते इथे बाहेर झालं. कोर्टानं कुठे पाहिलं? कुणीच पाहिलं नाही."

"मी पाह्यलं ना," मामा म्हणाले.

त्याच दिवशी अपील मागे घेतलं गेलं. परतीच्या वाटेवर जालना गेलं तरी मामांनी ड्रायव्हरवर लक्ष ठेवायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, माणूस बदलला. तेवढ्यात ते माझ्या कानाशी आले. "जावई, अपील मागं घेऊ नका म्हणून वकील एवढा काहून अडून बसला होता? त्याच्यात काहीतरी आहे." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

लिंबाजीची चहाची गाडी फाट्यावर उभी राहिली. तो हसतमुखानं मालकाकडे धावत आला वगैरे काही झालं नाही. मामा गाडीवर जात, लिंबाजी दूध ओततो ते टक लावून पाहत, आणि चहा पिऊन उठत. लिंबाजी त्यांच्याशी कामापुरतं बोले. त्याचा हात पुन्हा कधी वर झाला नाही. फाटकातली रांगही मामांनी बंद केली, आणि काही वर्षांनी जिनिंगच बंद पडलं.

शेवटी मामांना दिसेनासं झालं. डोळ्यांवरच सगळी भिस्त असलेल्या माणसावर देवानं ही वेळ आणावी, याचं मला फार वाईट वाटलं. मी भेटायला गेलो की ते माझा आवाज ऐकून "कशावरून तुमीच?" असं विचारत, आणि मी भाचीच्या लहानपणाच्या चार खुणा सांगितल्या की खाटेवर जागा देत. शेवटच्या भेटीत मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "थांबा, जावई." चाचपडत त्यांनी माझं मनगट धरलं. मग हात बगलेकडे आला, कमरेकडे गेला, सदऱ्याच्या खिशावरून फिरला. माझ्या खिशात रुमालाशिवाय काही नव्हतं. मी दोन्ही हात वर करून उभा होतो. ज्या झडतीचा मला इतकी वर्षं राग होता, तीच आता लवकर संपू नये असं वाटत होतं.

"जा आता," मामा म्हणाले. "बराबर आहे."