वरच्या आळीची फर्माईश

रागाच्या बाबतीत मी लहानपणापासून बदनाम. आई म्हणायची, "याच्या नाकावरच राग." अशा माणसाला ब्लूजसारखं संथ, रडवेलं गिटार का आवडावं कोण जाणे, पण आवडलं. द्वारका चौकाजवळच्या ज्या रेडिओच्या दुकानात मी दुरुस्तीची कामं करायचो, तिथल्या मालकांकडे मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याची टेप होती. ती लागली की माझ्या मुठी आपोआप सैल पडायच्या.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी, गणपतीत, तोच ऑर्केस्ट्रा आमच्या मैदानावर आला. दुपारी चारचा कार्यक्रम. मी अकरापासून पुढची खुर्ची धरून बसलो होतो.

आमच्याकडे फर्माईश चिठ्ठीवर जायची आणि निवेदक ती आळीच्या नावासकट वाचायचा. ज्यांची चिठ्ठी आधी, त्यांची कॉलर ताठ. मी ती स्वतःच्या नावाने पाठवायला हवी होती. पण एकट्याला कोण विचारतो? मी आमच्या आळीच्या नावावर ठोकून दिलं, "वरच्या आळीतर्फे, गिटारवर ब्लूज."

पहिली तीच वाचली गेली. गिटारवाला पुढे आला. पन्नाशीचा, किडकिडीत. चिठ्ठी त्याने स्वतः हातात घेऊन पाहिली, हसला आणि डोळे मिटून वाजवायला लागला. टेपवरचाच सूर समोर निघताना पाहून मला रडू आलं, हे कबूल करतो.

जेमतेम दोन मिनिटं झाली असतील.

"आमची चिठ्ठी आधी गेली व्हती!" खालच्या आळीतून कोणीतरी ओरडलं. "हे काय रडगाणं लावलंय? वरच्या आळीला लय माज आलाय!"

आधी चपला आल्या, मग लोखंडी खुर्च्या. आमच्यातल्या एकाचं कपाळ फुटलं. मांडवाचे बांबू उपसले गेले, बायका पोरांना काखोटीला मारून पळाल्या. माझ्या शेजारच्याचे दात पडले आणि तो ते मातीत शोधत बसला. गिटारवाला मात्र थांबेना. वाजवत राहिलो तर लोक शांत होतील, असं त्याला वाटलं असावं. तेवढ्यात खालच्या आळीचा एक धिप्पाड गडी स्टेजवर चढला आणि त्याने वायर उपटली. सूर मधेच तुटला.

माझं डोकं फिरलं. समोर सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट होता. त्या गड्याचं टाळकं फोडायचं, एवढंच मला दिसत होतं. मी सगळा जोर लावून बाटली फेकली. गडी खाली वाकला. बाटली गिटारच्या दांडीवर, गिटारवाल्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर फुटली.

पोलिसांच्या लाठ्यांनी मैदान रिकामं झालं, तरी मी स्टेजच्या पायरीपाशीच उभा. गिटारवाला पायरीवर बसला होता. रुमालातून रक्त गळत होतं. मधलं बोट वाकवायचा प्रयत्न करत होता, ते वाकत नव्हतं.

"हॉस्पिटल कुठे आहे?" त्याने विचारलं.

"मी नेतो."

उठताना त्याने चांगला हात माझ्या खांद्यावर टाकला. चार पावलं चालल्यावर थांबून माझ्याकडे नीट पाहिलं. "तू त्या लोकांत नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो.

"वाटलंच मला," तो म्हणाला आणि सगळा भार माझ्यावर टाकून चालू लागला.