सही माझीच आहे

"घर आणि नोकरी दोन्ही कसं सांभाळता हो मॅडम?" असं कुणी विचारलं की माझं डोकं उठतं. माझ्या नवऱ्याला हा प्रश्न आजवर एकानंही विचारलेला नाही. तो धाराशिवला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. संध्याकाळी घरी येतो आणि चपला काढायच्या आत चहा मागतो. त्यानं काय सांभाळलं ते त्यालाच ठाऊक.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. शाळा दोन शिक्षकांची, एसटीनं पाऊण तासावर. अशा शाळांत एक रीत असते, ती आम्ही बाहेर सांगत नाही. रजेच्या अर्जावर सही करून, तारीख न घालता तो सोबतच्या शिक्षकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. एसटी चुकली आणि नेमके त्याच दिवशी साहेब तपासणीला आले, तर त्यानं तारीख घालून अर्ज पुढं करायचा. त्याच सवयीनं मी घरीही सह्या केलेले तीन-चार कोरे कागद नवऱ्याकडं देऊन ठेवत असे. मी आजारी पडले की रजेचा अर्ज नवराच लिहून पाठवायचा. मोठी शहाणी मी!

चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या पदोन्नतीची यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं. बावीस वर्षं मी त्या यादीची वाट पाहिली होती. शाळा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं मिळणार हे दिसतच होतं. रोज जा-ये करायची, नाहीतर तिकडं खोली करून राहायचं. नवरा जेवता जेवता म्हणाला, "लई लांब पडतंय. आईचं कोण बघंल?"

"तुम्ही बघा की," मी म्हणाले. तो हसला. मला वाटलं, विषय मिटला.

धाराशिवला सभागृहात एकेकाचं नाव पुकारून शाळा देत होते. यादीतलं माझ्या आधीचं नाव झालं, नंतरचं झालं, माझं काही आलं नाही. मी टेबलाजवळ जाऊन विचारलं. साहेबांनी फाइल चाळून एक कागद माझ्यापुढं सरकवला. 'कौटुंबिक अडचणीमुळे मी स्वखुशीने पदोन्नती नाकारत आहे.' खाली माझी सही. वरचं अक्षर मी लग्न झाल्यापासून किराण्याच्या चिठ्ठीवर बघत आले होते.

"मॅडम, सही तुमचीच आहे ना?"

सही माझी, पण मजकूर माझा नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग लिहिलं कुणी, हे निघालं असतं, आणि सरकारी नोकराच्या मागं चौकशी लागायला तेवढं पुरे होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"हो, माझीच आहे," मी म्हणाले. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. नवरा म्हणतो कसा, "तुझ्याच भल्याचं केलं. दगदग सोसली असती का तुला?" सासूबाई आतून म्हणाल्या, "हळू बोल गं, शेजारी ऐकतेत."

पुढच्या महिला दिनाला गल्लीतल्या मंडळानं माझा सत्कार केला. संसारासाठी पदोन्नतीवर पाणी सोडणारी आदर्श शिक्षिका म्हणून. भाषण नवऱ्यानं केलं आणि टाळ्याही त्यानंच घेतल्या. सत्कारात मिळालेल्या नारळाची मी दुसऱ्या दिवशी चटणी वाटली.

हे सगळं तेव्हा बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीला ठाऊक नव्हतं. ती यंदा तलाठी झाली, मुरुमकडं नेमणूक मिळाली. निघायच्या दिवशी तिच्या बापानं तिच्यापुढं चार कोरे कागद ठेवले. "खाली सह्या करून ठेव. इथलं काही काम निघालं तर बरं असतंय."

पोरीनं पेन उघडलंसुद्धा होतं. मी ते तिच्या हातातून हिसकावलं आणि त्याच्यासमोर पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो पेपर वाचत बसला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता ती बापाला फैलावर घेणार.

ती माझ्याकडं वळली. "पप्पांनी चोरून लिहिलं, आई. पण तुला साहेबांनी तोंडावर विचारलं होतं. तू हो का म्हणालीस?"

"तुझ्या बापाची नोकरी गेली असती."

"गेली असती तर गेली असती. तुझी होती की. मुख्याध्यापकाची."

चार वर्षं मी रोज त्या माणसाचा राग राग केला, पण हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. पोरगी खरं बोलली, आणि मला तिचाच संताप आला. तिनं ते चारही कोरे कागद घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकले आणि मुरुमची गाडी गाठायला निघून गेली.