सागवानी गाडी आणि प्राजूची पाठवणी

मी शाळेत कार्यानुभव शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं त्याला 'बिचारीला माहीत नव्हतं' असं कुणी म्हणायला नको.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलीचं, प्राजूचं, लग्न ठरलं. नणंद म्हणजे सुमनताई. वटारला केळी-नारळाची वाडी, खणखणीत आवाज, आणि आमच्या ह्यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. (हे अजूनही त्यांच्यासमोर उभ्यानेच चहा पितात!) लग्नाआधी दहा दिवस ताईंचा फोन आला.

"सुधीर, प्राजू सासरी जाईल ती तुझ्या गाडीतून. भाड्याची गाडी मला नको. तिच्या सासरची, उमेळ्याची माणसं बारीक नजरेची आहेत. आणि मंदा पाठराखीण."

ह्यांनी फोनलाच मान डोलावली.

आमची गाडी पांढरीशुभ्र, सेकंडहँड, बाहेरून पाहिली तर कुणीही दोनदा पाहावं अशी. आतमध्ये मात्र डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला, दारांच्या आतल्या पट्ट्यांचा रंग उडालेला. बारीक नजरेची माणसं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तो डॅशबोर्डच आला. आणि नेमकी त्याच आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानात मला ती कागदाची गुंडाळी दिसली. मागून चिकट, पुढून हुबेहूब सागवान! गाठीसुद्धा छापलेल्या!

"हे कपाटाला लावतात, बाई," दुकानदार म्हणाला.

"गाडीला लावलं तर?"

त्याने गुंडाळी माझ्यापुढे सरकवली. "लावा," म्हणाला. (माझ्या आयुष्यात मला 'लावा' म्हणणारा तो एकटाच माणूस.)

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, मेकॅनिककडे देऊ या ना."

"दरवर्षी जूनमध्ये दोन पोरींच्या मिळून चोवीस वह्यांना कव्हरं घालते मी. एकाला तरी सुरकुती दिसली कधी?"

"वहीला दारं नसतात, मंदा."

मी पट्टी, पेन्सिल आणि कात्री घेऊन खाली उतरले.

पहिली सकाळ मोजमापात गेली. मला तिसऱ्या तासाला कळलं की डॅशबोर्डला एकही सरळ बाजू नाही. कापलेला कागद डावीकडून बसवला की उजवीकडून वर येई आणि उजवीकडून दाबला की मधे पोट सुटे. फुगे तर इतके आले की गाडीला गोवर आल्यासारखं वाटावं. त्यावर उपाय मला ठाऊक होता : ऊब द्यायची. दुसऱ्या मजल्यावरून तीन वायरी एकमेकींना जोडून हेअर ड्रायर खाली आणला, बटण दाबलं, आणि अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली.

(माझ्यामुळे नव्हे. अजूनही माझं तेच म्हणणं आहे.)

लाइट काही येईना. मग मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची इस्त्री मागून आणली. फुगे गेले! सागवान चकाकायला लागलं! मी इस्त्री अंमळ टेकवून मागे सरकले, लांबून कसं दिसतंय ते पाहायला. तेवढ्यात डॅशबोर्ड उसासा टाकल्यासारखा खाली बसला. त्यावर इस्त्रीच्या आकाराचा एक खड्डा, टोकासकट. मी डगमगले नाही. एक मोठा सलग तुकडा कापला आणि खड्ड्यावरून, फटींवरून, कप्प्यावरून एकदम ताणून बसवला. एकसंध पाटी! मीच माझ्यावर खूश झाले.

संध्याकाळी हे पाहायला आले. "छान दिसतंय. पण कप्पा कुठे गेला?"

"आत आहे."

"आणि त्यातले गाडीचे कागद?"

"तेही आतच. आता कुणी चोरणार नाही!"

हे खाली पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दारं घेतली. मागच्या दारांवर काचेशेजारी लॉकची ती बोटभर खुंटी असते ना, वर ओढली की दार सुटतं, खाली दाबली की बंद, ती कव्हराच्या आड येत होती. मी तिथे फुली मारून भोक पाडलं, कागदाची टोकं सुबकपणे आत दुमडली आणि खुंटी भोकातून वर काढली. वहीचे कोपरे दुमडतात तसं. मागची दोन्ही दारं झाली. पुढच्या दारांना कागदच उरला नाही, म्हणून ती वाचली.

लग्न वसईतल्या हॉलमध्ये दणक्यात लागलं. ताईंनी मुद्दाम येऊन गाडीत डोकावून पाहिलं. सागवानावरून बोट फिरवलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाल्या, "मंदा, घराची शोभा राखलीस हो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी तेव्हा भर उन्हात उभी होती.

चारला पाठवणी झाली. मागे प्राजू आणि जावई नितीन, पुढे हे आणि मी. प्राजू रडत होती, ताई रडत होत्या. रडता रडताच त्या ओरडल्या, "दारं लॉक करा गं! प्राजू, तुझ्या बाजूची! नितीनराव, तुमची पण!" दोघांनी आज्ञाधारकपणे खुंट्या खाली दाबल्या. आतून 'पच्' असा आवाज आला. मला तो ऐकू आला, पण प्रसंग असा की मीही रडत होते.

उमेळ्याला नितीनच्या घरासमोर मांडव, सनई, शंभरेक माणसं. उंबऱ्यावर धान्याचं माप. नितीनची आजी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मी उतरले, हे उतरले. मागचं दार काही उघडेना.

"खुंटी वर ओढा, नितीनराव," मी काचेतून खूण केली.

नितीनने ओढली. खुंटीचं टोपण त्याच्या हातात आलं! प्राजूने तिची ओढली. तिचंही टोपण हातात! खाली भोकात दुमडलेली माझी ती सुबक टोकं उन्हाने पाघळून खुंट्यांना जी धरून बसली होती, ती सोडायला तयार नव्हती.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"काही नाही, आजी. जरा... सागवान धरलंय."

"सागवान? गारीत सागवान कुनी लावलं?"

मी उत्तर न देता पुढच्या दारातून आत घुसले आणि सीटवर गुडघे टेकून नखांनी कव्हर ओरबाडू लागले. ते तसूभरही हललं नाही. डॅशबोर्डवर लावताना दर मिनिटाला सुटणारा तोच कागद! नितीनने दोन सीटांमधून पुढे यायचा प्रयत्न केला. तो सहा फूट. कमरेपर्यंत आला आणि तिथेच अडकला. बाहेर सनईवाल्याने सवयीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मामी," मागून प्राजू म्हणाली, "मी आयुष्यभर इथेच राहणार का गं?" तिचं रडणं थांबलं होतं. ती हसतेय की काय, असा मला संशय आला.

"बाळा, मामी आहे ना!"

"म्हणून तर विचारतेय!"

हे मात्र शांतपणे मागे गेले आणि त्यांनी डिकी उघडली. डिकीत रुखवत होतं. साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचा ससा, पापडांचा मनोरा, सगळं एकेक करून सबंध उमेळ्यासमोर अंगणात मांडलं गेलं. मग प्राजूला पुढे वाकायला सांगून मागच्या सीटची पाठ पाडली. नितीनला उलटा ओढून आधी मोकळा केला आणि तो डिकीतून पाय पुढे करून बाहेर आला. त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर, दाराला टेकलेल्या बाजूला, तपकिरी रेषांची लांबलचक पट्टी आणि मधोमध एक गाठ.

मागोमाग प्राजू शालू सावरत, मुंडावळ्या दातांत धरून, डिकीच्या तोंडाशी येऊन बसली. सनई थांबली. मला वाटलं, संपलं. आता हे लोक काय म्हणतील, ताईंना काय तोंड दाखवू, पोरीला पहिल्याच दिवशी खाली पाहायला लावलं मी.

आजी तांब्या घेऊन उंबऱ्यावरून खाली उतरल्या. अंगणातला ससा ओलांडत गाडीच्या मागे आल्या आणि डिकीतल्या प्राजूवरून भाकरतुकडा ओवाळत म्हणाल्या, "मी बैलगारीतून आले होते. ती पन मागूनच उतरायची असते. ये गो बाय."

मांडवात असा हशा उठला की सनईवाल्याला पुढचं वाजवताच येईना. मी पाठराखीण म्हणून प्राजूच्या मागे उभी होते, आणि आजींच्या पाया पडायला तिच्याही आधी वाकले.

सुमनताई माझ्याशी गणपतीपर्यंत बोलल्या नाहीत. प्राजू मात्र तिथे आजींची लाडकी झाली.

पुढच्या आठवड्यात गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने अर्धा दिवस ब्लेड आणि रॉकेल घेऊन झटापट केली, तेव्हा कुठे वीतभर कव्हर निघालं. घाम पुसत तो म्हणाला, "कुणी केलंय हे काम?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी घाईघाईने म्हटलं, "आधीच्या मालकाने."

"एक नंबरचा येडा माणूस हो!"

"अगदी!" मी म्हणाले, आणि मग मला राहवलं नाही. "पण कापणी बघा ना, किती सरळ आहे!"