रविवारची साक्ष

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकतो. नंदुरबारकडून नरोलीला धाग्याच्या कंपनीत लागलो, तेव्हा बरोबर एक वळकटी, एक स्टोव्ह आणि हा राग एवढंच आणलं होतं. चर्चच्या मंडळीत जायला लागल्यापासून राग गेला, असं मी सगळ्यांना सांगायचो. थोडा कमी झालाही होता. आमच्या सुपरवायझरला विचारलं असतं तर त्याने वेगळंच सांगितलं असतं, ती गोष्ट निराळी.

आम्ही तिघे कामगार चाळीतल्या एका खोलीत राहायचो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी. बायको फोनवर रोज एकच विचारायची, "आमले कधी बलावतस?" चाळीतली शेवटची खोली, स्वतःची मोरी आणि नळ असलेली, रिकामी होणार होती. मी घरमालकीण काकूंकडे शब्द टाकला. काकू मूळच्या कोकणातल्या. काका इथल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि दोघांनी इथेच चाळ बांधली. जीभ तिखट, पण मन मोठं. "तुलाच देते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी इतका खूश होतो की कंपनीत मशीनवरसुद्धा गाणी म्हणत होतो.

त्याच आनंदात मी पाळकांना म्हणालो, येत्या रविवारी मी साक्ष देतो. आमच्याकडे उपासनेत कुणीतरी उभं राहतं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. त्यालाच आम्ही साक्ष म्हणतो. माझा विषय ठरलेलाच होता: देवाने माझा राग कसा काढून घेतला.

बुधवारी कामावरून आलो तेव्हा काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"काकू, रविवारी सकाळी नळावर माझा नंबर पहिला लावा. साक्ष द्यायला जायचंय."

त्यांचा हात थांबला. "साक्ष? कशाबद्दल रे?"

आजवर कुणी एवढ्या आस्थेने विचारलं नव्हतं. मला भरूनच आलं. "आधी मी कसा होतो, काय काय केलं, ते सगळं कबूल करायचं."

"सगळ्यांसमोर?"

"हो. लपवून काय उपयोग?"

"आणि तुझ्या बाजूने बोलायला कोण आहे?"

"आहे ना, आमचा कैवारी आहे!" मी वर बोट दाखवलं. "एक पैसा घेत नाही."

"फुकटचा वकील म्हणजे तू गेलासच," असं काहीतरी पुटपुटत त्या ताट उचलून आत गेल्या. ते मला नीट ऐकूही आलं नाही. आज आपण विश्वासाबद्दल काय छान बोललो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "हे बघ, बायको-मुलीला इतक्यात आणू नकोस. तुझं ते जे काय आहे, ते आधी निपटू दे. माझ्या चाळीत असलं काही नको."

असलं काही! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ख्रिस्ती आहे म्हणून खोली नाही, असं सरळ सांगा ना! हे मी तोंडाने बोललो नाही, मनात मात्र हजार वेळा बोललो. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, नाताळचा केक त्यांनी दोनदा मागून घेतला होता, हे रागात आठवतंय कुणाला? तीन दिवस मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बायकोला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून फोन उचलणंही बंद केलं.

रविवारी डोकमर्डीच्या आमच्या उपासनेच्या हॉलमध्ये माझं नाव पुकारलं. उभा राहिलो आणि समोर बघतो तर शेवटच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घट्ट धरून, काकू!

पाठ केलेलं सगळं विसरलो. राग गेला असं आता कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी म्हणालो, "माझा राग गेला असं सांगणार होतो. तो गेलेला नाही. मी ख्रिस्ती म्हणून आमच्या घरमालकिणीने मला खोली नाकारली. तीन दिवस मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देतोय. त्यांना क्षमा करायला मला जमत नाहीये. हीच माझी साक्ष."

"अरे मेल्या!" मागून आवाज आला. काकू उभ्या राहिल्या होत्या. "ख्रिस्ती म्हणून कोण बोललं? मला वाटलं तू कुणाचा खून-बिन केलास! साक्ष काय, कबुली काय, वकील काय! मग काल रात्री काका म्हणाले, रविवारी कसलं कोर्ट? म्हटलं, पोरगा जातो तरी कुठे, ते एकदा बघूनच येऊ."

हॉलमध्ये एवढा हशा पिकला की ढोलकीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसत होतो आणि लाजेने मेलोही होतो. एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी तिथूनच हात जोडले.

"माफी राहू दे," काकू म्हणाल्या. "पुन्हा माझा राग आला, तर आधी माझ्या दारात यायचं, भांडायचं, मग देवाकडे जायचं. परस्पर त्याच्याकडे माझी चुगली करायची नाही."

पाळकांनी हातातले प्रवचनाचे कागद घडी करून खिशात ठेवले. "आजचा संदेश झाला," ते म्हणाले. "उठा, गाणं म्हणू या."

उपासना सुटल्यावर मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. तिचा आवाज ऐकला आणि मला रडूच फुटलं, शब्द फुटेना. ती तिकडे घाबरली. काकूंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"अगं, मी घरमालकीण बोलतेय. काही झालं नाही त्याला. तू मुलीला घेऊन लवकर ये बाई. हा भांडकुदळ माणूस माझ्या एकटीच्याने आवरत नाही."