घासलेला रंधा

रविवारी सकाळी सुल्माबाई गुलार्ते आमच्या जुन्या बाजारात शिरल्या की ताडपत्रीवाले एकेक करून सरळ बसतात. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' या कडू चहाचा भोपळा, पायात कापडी बूट. त्रिस्तान नारवाहाच्या रस्त्यावर बाजार सुरू होतो तिथपासून त्या निघतात आणि माझ्या कुलुपांच्या दुकानापर्यंत पोचायला त्यांना दुपार होते. त्यांना फक्त हत्यारं बघायची असतात. वाकस, पटाशी, गिरमिट, कानस, रंधा. बाकी जगाशी त्यांना कर्तव्य नाही.

"हे फार जुनं आहे, बाई," असं कुणी नवा दुकानदार म्हणाला की संपलं.

"जुनी मीपण आहे. कुणाचं आहे ते सांग."

आणि त्याला सांगता आलं नाही की त्याच सांगतात. माझ्याकडे एकदा एक बाकदार सुरी आली होती. मी ती खोगीरवाल्याची म्हणून ऐटीत पुढे मांडली. बाईंनी मूठ नाकाला लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी आधीच मान खाली घातली. "खोगीर कसलं, विल्मार? डांबराचा वास येतोय. गोदीवर दोरखंड कापणाऱ्याची आहे. तुझं नाक काय शोभेला ठेवलंय?" पुढचे सहा महिने सगळा बाजार मला 'खोगीर' म्हणत होता. अजूनही काही नालायक म्हणतात.

ही विद्या बाईंनी हौसेनं शिकलेली नाही. त्यांचा बाप लाउरेआनो गुलार्ते ढोल बनवायचा. बार्रिओ सूर या आमच्या वस्तीतल्या एका चाळीच्या अंगणात त्याचं काम चालायचं. जुन्या पिंपांच्या फळ्या तासून, जोडून, खाली उघडे असलेले उंच ढोल. आमच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत ढोलाला काय मान आहे ते मी सांगत बसत नाही. लग्न एक वेळ ढोलाशिवाय होईल, मयत होणार नाही. पुढे सरकारनं ती चाळ पाडली. लोकांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेर नेऊन टाकलं, आणि लाउरेआनोची हत्यारं राडारोड्याबरोबर गेली. त्यानंतर म्हातारा जगला, पण हात मांडीवर ठेवून. सुल्मा तेव्हा धोब्याकडे इस्त्री करायची. बाप गेल्यावर पहिल्याच रविवारी ती बाजारात आली आणि तेव्हापासून येतेच आहे. बापाचं एकेक हत्यार तिला परत हवं होतं.

आणि तिनं आणलीही. लाउरेआनो डावखुरा होता, त्यामुळे त्याच्या लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा उलट्या अंगानं झिजलेला. शिवाय प्रत्येक लाकडी भागावर तो तापल्या सळईनं बारीक मासा उमटवायचा. वाकस उत्तरेच्या सरहद्दीकडून फिरून आलेल्या एका भंगारवाल्याकडे सापडला. ठोकायची मोगरी एका बाईनं दार अडवायला ठेवली होती. आज बाईंच्या खोलीतली भिंत बघाल तर मान ताठ होईल, अशी ती भिंत आहे. फक्त एक खिळा मोकळा होता. ढोलाच्या पोटात हात घालून आतले सांधे गुळगुळीत करायचा मुठीएवढा रंधा, दोन्हीकडून फुगीर तळाचा. तो काही मिळत नव्हता.

लोक त्यांना खूश करायला काय काय आणायचे. कुणी माशाचं चित्र ताजं जाळून आणायचा. बाई हसून परत करायच्या. "माझ्या भिंतीवर खोटं टांगायचं असतं तर मी देवाच्या तसबिरी लावल्या असत्या," म्हणायच्या. आमच्या बाजाराला त्यांनी एकच नियम घालून दिला होता: हत्यार मिळालं की घासायचं नाही. गंज असू दे, मळ असू दे. ज्याचं आहे त्याची सही त्या मळातच असते.

माझ्या शेजारचा एबेर हा नियम पाळणारा. म्हातारी माणसं गेल्यावर घरं रिकामी करून द्यायचं काम तो करतो. पण एका रविवारी तो नवा शर्ट घालून आला आणि बाई दिसताच त्यानं फितीत बांधलेली पुडी पुढे केली. आतून रंधा निघाला. मुठीएवढा, दोन्हीकडून फुगीर, आणि आरशासारखा चकचकीत. एबेरनं आठवडाभर पॉलिश पेपरनं घासून त्याला वार्निश दिलं होतं. भेट द्यायची तर मळकी कशी द्यायची, असं त्या भोळ्याला वाटलं.

आजूबाजूचे सगळे जमले. आता बाई रडणार, एबेरला मिठी मारणार, असं आम्हाला वाटलं. बाईंनी रंधा उलटा केला, सुलटा केला, मुठीवर अंगठा फिरवला.

"तू हे घासलंस, पोरा."

एबेरचा चेहरा उतरला. "मासा असेल तर तो गेला असेल का, बाई?"

"मासा असेल तर गेला. झीज असेल तर तीही गेली."

"मग तुमचाच समजा ना," भाजीच्या गाडीवरची एक बाई म्हणाली. "असा दुसरा कुठला असणार? वय झालं तुमचं. खिळा भरून टाका."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. बाईंना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, गुडघे बोलतात. अजून किती रविवार त्या हा रस्ता चालणार होत्या? एक 'हो' म्हटलं असतं तर सगळा बाजार सुखानं घरी गेला असता. त्यांनी रंधा पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "विल्मार, दुकान एबेरकडे दे आणि चल."

त्यांच्या खोलीत बापाच्या हातचा एक मोठा ढोल आहे. बाईंनी मला तो आडवा धरायला लावला. "मळ घासून जातो, तळाचा बाक जात नाही," म्हणत त्यांनी रंध्याचा तळ खडू चोळून पांढरा केला, उघड्या बाजूनं हात कोपरापर्यंत आत घातला आणि जिथे पोट सर्वांत फुगीर आहे तिथे एकदाच फिरवला. बाहेर काढून खिडकीशी नेला.

"मला दिसत नाही. तू बघ. खडू सगळीकडून गेला की मधूनच?"

मी बघितलं. मधोमध एक पट्टा पुसला होता. दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा. खोटं बोलायचं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, हे कबूल केलेलं बरं. पण त्यांच्यापुढे ते जमेना.

"मधूनच," मी म्हणालो.

"म्हणजे याचा बाक जास्त. हा आमच्यापेक्षा बारीक पोटाच्या ढोलासाठी घडवलेला." त्या खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. मोठ्यानं नाही, पण लपवूनही नाही. मी पाणी तापवून माते केला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी नाक पुसलं. "आपल्या दोन वस्त्यांत असा रंधा वापरणारी घरं दोनच. आमचं नाही, म्हणजे पिंतोसांचा."

पिंतोस म्हणजे शेजारच्या पालेर्मो वस्तीतले. त्यांचा ठेका वेगळा, ढोल वेगळे, तोंडंही आमच्याकडे कधी न वळणारी. त्यांचा ढोल म्हणजे पिठाचा रिकामा डबा, असं लाउरेआनो म्हणायचा. आमच्या ढोलाला ते गाभण गाय म्हणायचे. गुलार्तेंपैकी कुणी पिंतोसांच्या दारात पाऊल ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. बाईंनी केसांवरून कंगवा फिरवला आणि त्याच दुपारी निघाल्या.

मिल्तोन पिंतोस दारातच खुर्ची टाकून बसला होता. सत्तरी उलटलेला, आडमुठा माणूस. "गुलार्तेची पोरगी माझ्या दारात?" तो म्हणाला. "कोण मेलं?"

"कुणी नाही. तुझ्या आजोबाचा एखादा ढोल आहे का घरात? बाहेर काढ."

त्यानं काढला. बाईंनी पुन्हा खडू चोळला आणि रंधा त्याच्या हातात दिला. "तूच फिरव. माझा हात लागला तर म्हणशील, गुलार्तेंनी काहीतरी केलं."

त्यानं फिरवला. बाहेर काढला तेव्हा तळावर खडूचा ठिपकाही नव्हता. मिल्तोननं तळावरून बोट फिरवलं. त्यांचीही हत्यारं त्याच पाडापाडीत गेली होती, पण ती शोधायला कुणी निघालं नव्हतं.

"ठेवून घेतला असतास तर कुणाला कळणार होतं, सुल्मा?"

"तुझ्या आजोबाचं काम माझ्या बापाच्या नावावर कशाला टांगू? माझ्या बापाला स्वतःचं काम पुरेसं आहे. आणि एबेर नावाच्या पोरानं तो आणलाय, त्याला नीट धन्यवाद दे. जरा जास्तच घासतो, पण मनानं सोनं आहे."

परत येताना त्यांच्या शेजारी माझीच छाती फुगली होती. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं असतं तर थांबवून सांगितलं असतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पिंतोसांचे ढोल निघाले. कातडी ताणायला त्यांनी रस्त्यात कागदाचा जाळ केल्याचा वास आमच्यापर्यंत आला. त्यांची नेहमीची वाट आमच्या गल्लीपासून लांबून जाते. त्या दिवशी आवाज जवळ येत गेला आणि कोपऱ्यावरून सगळा ताफा आत वळला. पुढे मिल्तोन. बाईंच्या दारासमोर त्यानं हात वर केला. ढोल थांबले. मग त्यानं पोरांना खूण केली आणि त्यांनी आमचा ठेका धरला, पाडलेल्या चाळीचा, जो पिंतोसांच्या हातातून कुणी कधी ऐकला नव्हता. गल्लीतल्या म्हाताऱ्या खिडक्यांत आल्या. ठेका मात्र अडखळत होता. तिसऱ्या घावाला पोरं दर वेळी घसरत होती.

सुल्माबाई उंबऱ्यात ताठ उभ्या होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"चुकताहेत, बाई."

"चुकू दे," त्या म्हणाल्या. "आमचा ठेका पिंतोसांना एका दमात आला असता, तर मला वाईट वाटलं असतं."