सूर्याची तब्येत विचारणारे काका

जयपूरचं ऊन चुकवायला माणसं रस्ते बदलतात. त्याच सूर्याची रोज सकाळी तब्येत विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे विद्याधर नगरातले माझ्या वरच्या मजल्यावरचे काका. मूळचे भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि काकू गेल्यापासून एकटे. आंघोळ झाली की गच्चीवर छोटी दुर्बीण मांडायचे, पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचं बिंब पाडायचे आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं उतरवायचे. दुर्बिणीला डोळा मात्र कुणाला लावू द्यायचे नाहीत. "सूर्याला पाठ करूनच बघायचं असतं," म्हणायचे.

डाग वाढले की काकांची कळी खुलायची. दूधवाल्या भैयाला थांबवून ते नवा डाग दाखवत. तो बिचारा पुठ्ठ्याला हात जोडून निघून जाई. लिफ्ट अडकली, इंटरनेट गेलं, अगदी माझा भात करपला, तरी दोष सूर्यावर उडालेल्या भडक्याचा. एकदा तर त्यांनी घरमालकीणबाईंना सांगितलं, की आज साऱ्या पृथ्वीचंच डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा पाण्याच्या मोटारीवरून भांडण उद्या करू. बाईंनी ते ऐकलंही.

हा नाद कशापायी, ते मला उशिरा कळलं. काकांची एकुलती लेक कॅनडात, पार उत्तरेकडे. तिच्याकडे कायमचं राहायला जायला काका तयार नव्हते. त्यावरून बोलाचाली झाली आणि फोन तुटक होत गेले. पण सूर्यावर मोठा भडका उडाला, की दोनेक दिवसांत तिच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा उजेड नाचतो. तेवढी बातमी काका तिला आधी कळवत. बाप म्हणून सांगण्यासारखं, म्हणायचे, आता एवढंच उरलंय.

गेल्या हिवाळ्यात असाच भडका उडाला आणि काकांनी निरोप धाडला. दोन दिवसांनी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. काकांच्या हातात पुठ्ठा होता, म्हणून फोन मी धरला. पडदाभर हिरवं आकाश हलत होतं. मी तर बघतच राहिलो.

"बाबा, दिसतंय का?" तिनं विचारलं.

"दिसतंय. आता ते राहू दे, कॅमेरा जरा तुझ्याकडे वळव."

तिनं वळवला. अंधारात चेहरा काही दिसत नव्हता. लोकरीची टोपी आणि तोंडातून निघणारी वाफ, बस्स. काका पुढे वाकून तेवढंच बघत राहिले.

"बारीक झालीस गं," ते म्हणाले.

तिनं टॉर्च लावून उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर धरला. फोन तिनं ठेवला नाही.