कुशाबाचं बिनखिरीचं पान

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या अंबाबाईचा पथ्याचा धाक असा, की तिच्या ओट्यावर लोक चहात साखरसुद्धा विचारून घालत. नवरा कुशाबा साखरेच्या आजाराने गेला, त्याला अकरा वर्षं झाली. चोरून गूळ खायचा, त्यानंच गेला, असं तिने सगळ्या भावकीला सांगून ठेवलेलं. पित्रांच्या पंधरवड्यात घरोघर खीर रटरटायची. कुशाबाच्या पानावर मात्र भात, आमटी, वडे, भाजी. खीर नाही. मेल्यावरही माणसाचं पथ्य मोडू द्यायचं नाही, असली ही बाई!

मग तिलाच साखर निघाली, इन्शुलिनची सुई सुरू झाली. यंदा मंचरच्या डॉक्टरांनी तिच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवली. कातडीखालची साखर ती चकती ओळखते आणि आकडा सुनेच्या, अश्विनीच्या मोबाईलवर उमटतो. गुराच्या कानात बिल्ला मारावा तसं केलं मला, म्हणून अंबाबाई दोन दिवस कुरकुरली.

पित्रं चार दिवसांवर आलेली. सासू-सुना नाचणी खुरपत होत्या, तेवढ्यात अश्विनीचा मोबाईल वाजला. आकडा चोपन्नवर उतरलेला. सासूच्या हातातलं खुरपं थरथरत होतं, चोळी घामाने ओलीचिंब, आणि ती विनाकारण सुनेवर खेकसत होती. सुईने साखर फार उतरली तर आधी गोड द्यायचं, असं डॉक्टरांनी अश्विनीला बजावलं होतं. तिने डबीतला गूळ काढला. अंबाबाईने तोंड घट्ट मिटलं. मला मारतीस का, म्हणाली. सुनेने हातापाया पडून कसाबसा खडा तोंडात घातला.

पाव तासात आकडा चढला, घाम ओसरला. अश्विनीला हायसं वाटलं. अंबाबाई मात्र बांधाकडे बघत बसून राहिली.

असाच घाम कुशाबाला आला होता. भातकापणीला, सुई टोचून नुसत्या चहावर आलेला. असाच थरथरत, असाच खेकसत त्याने गूळ मागितला. हातात घेतलेला खडाही हिने हिसकून पदराला बांधला. तो पेंढ्यावर आडवा झाला, तेव्हा रुसलाय समजून ही भात कापत राहिली. हाक मारायला गेली, तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं होतं. बाकीचंही सांगितलं असेल, पण हिच्या कानाने तेवढंच धरलं. काय म्हणावं असल्या मायेला!

"पोरी, त्या दिवशी खडा दिला असता, तर उठलं असतं का गं ते?"

अश्विनीला उत्तर ठाऊक होतं. तिने गुळाच्या डबीचं झाकण लावलं.

"आत्या, तवा ही चकती कुठं व्हती?"

"चकती नव्हती," अंबाबाई म्हणाली. "पर त्यांनी तोंडानं मागितला व्हता."

पित्रांना तिने खीर केली. कुशाबाच्या पानावर वाढली, शेजारी गुळाचा खडा ठेवला. भावकी जेवायला बसली, तशी ती वाढता वाढता मधेच थांबली.

"चोरून खात नव्हतं ते," ती म्हणाली. "मागत व्हतं. मीच दिला न्हाई."

आणि हातातलं पातेलं घेऊन ती खीर वाढत पुढे गेली.